झाडामागचा गमबूट

साडेदहाला जनरल यायचा, तो आला नाही. नाणी टाकून कपडे धुवायच्या त्या दुकानात वरच्या कोपऱ्यात साखळीनं बांधलेला एक टीव्ही होता, आणि त्याच्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर एमेट क्रेल गेले पाच शनिवार याच वेळी येऊन बसत होता. घरी त्याच्याकडे टीव्ही नव्हता असं नाही. पण चव्वेचाळीस वर्षांच्या माणसानं सकाळी एकट्यानं स्वतःच्याच हातचं कार्टून बघत बसायचं, हे त्याला कसंसंच वाटे. इथे निदान कपड्यांचं निमित्त होतं. पडद्यावर आधी साखरेत घोळलेल्या पोह्यांची जाहिरात लागली, मग बोलक्या बाहुलीची, आणि मग टूबाचा तो बेसूर 'भों' ऐकू येण्याऐवजी बर्फावरून घसरणारी अस्वलं आली. दोन वर्षांपूर्वीची, शिळी. एमेट खुर्चीतून उठला. चादरीच्या घड्या घालणाऱ्या म्हातारीला त्यानं विचारलं, "चॅनेल कुणी बदललं का हो?" ती म्हणाली, "त्याचं बटण तीन वर्षांपूर्वीच तुटलंय, बाळा. जे लागतं ते बघायचं." तो पुन्हा बसला. अस्वलं घसरत राहिली. त्याचे कपडे काचेच्या गोल दाराआड फिरत होते, आणि आपण कुठे बघावं हे त्याला बराच वेळ कळेना.

जनरल म्हणजे टूबातला जनरल. सबंध बर्बँक गावात, जिथे दर दोन रस्त्यांआड कुणी ना कुणी शनिवारच्या कार्टूनवर पोट भरत होतं, तिथेसुद्धा त्याचं नाव काढलं की लोक हसायचे. एका शाळेच्या बँडमध्ये एक जुना टूबा असतो, माणसाच्या धडाएवढं ते पितळी वाद्य. त्यात शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईत मेलेला एक बोटभर उंचीचा जनरल अडकून पडलेला असतो. कुणी चुकीचा सूर लावला की तो बाहेर येतो, बँडमधल्या तीन पोरांबरोबर चोर पकडतो, आणि बरोबर सूर लागला की आत ओढला जातो. हे कुणाच्या डोक्यातून निघालं, हे स्टुडिओत कुणीच कबूल करत नसे. त्यातून चॅनेलच्या सोवळ्या खात्यानं कागद धाडले होते: जनरलच्या हातात तलवार नको, मुलं अनुकरण करतील. म्हणून तलवारीची पळी झाली. जनरल मेलेला आहे असं म्हणू नये, मुलं घाबरतील. म्हणून तो 'दीर्घ रजेवर' गेला. असा पळी घेतलेला, रजेवरचा जनरल सप्टेंबरात देशभर दाखल झाला होता, आणि त्याच्या मागची घरं, झाडं, कुंपणं एमेट रंगवत होता.

मागची चित्रं रंगवणं हे एमेटचं काम एकवीस वर्षांचं. शनिवारच्या कार्टूनमधे पळणारा माणूस जागच्या जागी पाय हलवतो. पळते ती मागची पट्टी. एक लांबच लांब पट्टी रंगवायची, तिचं शेवटचं टोक पहिल्या टोकाशी जुळवायचं, आणि कॅमेऱ्याखालून ओढत राहायचं. झाड, टपालपेटी, खिडकी. झाड, टपालपेटी, खिडकी. चोर मैलभर पळो नाहीतर दहा मैल, त्याला तेच झाड पुन्हा भेटतं. नव्या पोरांना या गोष्टीचं हसू यायचं. एमेटला पूर्वी येत असे.

बारा वाजता त्यानं रोंडाला फोन लावला. दर शनिवारी बाराला तो लावी; रोंडा अकरा वर्षांची, आईबरोबर बेकर्सफील्डला राहायची, डोंगराच्या पलीकडे, दोन तासांच्या वाटेवर. मार्लिसनं घटस्फोट घेऊन तीन वर्षं झाली होती. तिचं दुसरं लग्न डेल नावाच्या माणसाशी झालं होतं. तेलविहिरींचे पंप दुरुस्त करणारा, रुंद, शांत माणूस, ज्याच्यात दोष काढायला एमेटनं दोनतीन रात्री खर्ची घातल्या होत्या आणि काही सापडलं नव्हतं. फोन वाजला. नेहमीसारखा तिसऱ्या घंटेला उचलला गेला.

"हॅलो डॅडी."

"काय गं? पाहिलंस का आजचं?"

"हो, पाहिलं ना."

एमेटच्या हातातली फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली जात होती, ती थांबली.

"कसं होतं?"

"मस्त. जनरल गमतीदार होता."

"आणि बूट?"

रोंडा जरा थांबली. आठवतेय असं वाटावं इतकीच. "झाडामागे."

"शाब्बास," एमेट म्हणाला, आणि पुढची सात मिनिटं ते दोघं काय बोलले ते त्याला नंतर आठवेना.

बूट म्हणजे पिवळा गमबूट. रोंडा चार वर्षांची असताना पिस्मोच्या समुद्रावर तिच्या एका पायातला गमबूट लाटेनं नेला होता. ती इतकी रडली की मार्लिस घाबरून गेली. एमेटनं तिला खांद्यावर घेतलं आणि सांगितलं की बूट हरवला नाहीये, तो फिरायला गेलाय. जगात कुठे ना कुठे तो दिसेल, फक्त नजर ठेवायची. त्यानंतर तो जे जे रंगवी त्यात कुठेतरी नखाएवढा पिवळा गमबूट काढून ठेवी. कुंपणाआड, छपरावर, खिडकीच्या कठड्यावर. शनिवारी सकाळी रोंडा टीव्हीला नाक लावून बसे आणि बूट दिसला की घर डोक्यावर घेई. मार्लिस म्हणायची, "तुझी ही एक गोष्ट चांगली आहे." त्या 'एक'वर ती जरा जोर देत असे. ती घर सोडून गेली तेव्हा भांडण झालंच नाही. भांडायला दोन माणसं लागतात, आणि एमेट गप्प बसण्यात पटाईत होता. फक्त दाराशी ती म्हणाली होती, "पोरीशी तरी बोलत जा. बूट सोडून." त्यानं मान हलवली होती. दोनदा तो बेकर्सफील्डला जाऊनही आला होता. मोटेलमधे उतरला, रोंडाला न्याहारीला नेलं. तिनं शहाण्या मुलीसारखा सगळा पॅनकेक संपवला, पाकाचे डाग रुमालानं पुसले, आणि दहाव्या मिनिटाला दोघंही मीठमिरीच्या बाटल्या सरकवत बसले. मग त्यानं विचारलं, "बूट दिसला का गेल्या आठवड्यात?" आणि ती सुटका झाल्यासारखी बोलू लागली. तेव्हापासून तो जाईनासाच झाला. फोनवर अकरा मिनिटं निघायची. स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघत तो बोले. त्यातली आठ बुटाची असत. अकरा मिनिटं, आठवड्याला. एवढाच बाप त्याच्या अंगात उरला होता, आणि तो या कार्टूनवर उभा होता.

रविवारभर त्यानं स्वतःची समजूत घातली. कदाचित बेकर्सफील्डच्या केंद्रानं लावलं असेल. लहान गावातली केंद्रं आपापल्या मनानं काहीही लावतात. कधी मासेमारी, कधी प्रवचन. तर जनरलही लावला असेल. मग ती म्हणते ते खरं. या विचारानं त्याला बरं वाटे, आणि कॉफीचा कप खाली ठेवेपर्यंत तो पुन्हा खोटा वाटू लागे. बाहेर वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला होता, अंगाची कातडी ओढल्यासारखी होत होती. त्याला आठवू लागलं: पहिल्या आठवड्यात बूट कुठे होता? टपालपेटीवर. रोंडा काय म्हणाली होती? टपालपेटीवर. बरोबर. दुसऱ्यात? छपरावर, बरोबर. तिसऱ्यात ती म्हणाली, झाडामागे. चौथ्यात झाडामागे. पाचव्यात झाडामागे. तिसऱ्यात त्यानं बूट काढला होता कुंपणाशी. पण ते कुंपण झाडाच्या शेजारीच होतं. पट्टी फिरत होती, झाड येतच होतं, एखाद्या क्षणी बूट झाडाच्या मागे आहे असं दिसूही शकतं, असं त्यानंच तेव्हा मनाशी म्हटलं होतं. झाड नाही असं एकही कार्टून त्यानं एकवीस वर्षांत रंगवलं नव्हतं. झाडामागे म्हटलं की चुकायची भीतीच नाही. पोरगी हुशार आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि क्षणभर त्याला त्या हुशारीचा अभिमान वाटला.

सोमवारी मिल्टनं सगळ्यांना बोलावलं. मिल्ट म्हणजे निर्माता, स्टुडिओचा अर्धा मालक. आम्लपित्ताच्या गोळ्या चॉकलेटसारख्या खायचा. "हे बघा, रडारड नको," तो म्हणाला. "जनरलला काढलाय. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सगळीकडून. आयांची पत्रं आली. पोरं म्हणे टूबाला हात लावायला घाबरतात."

"सगळीकडून?" एमेटनं विचारलं. "बेकर्सफील्डलासुद्धा?"

"बेकर्सफील्डला कशाला लावतील? तिथल्या लोकांनी काय पाप केलंय?" लोक हसले. मिल्टनं गोळी तोंडात टाकली. "पण करार तेरा भागांचा आहे. तेरा भाग करून द्यायचे. ते दाखवतील, न दाखवतील, डब्यात घालून तळघरात टाकतील, ती त्यांची मर्जी. आपण करायचे. नववा कुठवर आलाय?"

नववा पट्ट्यांपर्यंत आला होता. म्हणजे अजून पाच भाग कुणीही न बघण्यासाठी करायचे होते. गमतीची गोष्ट अशी की कुणालाच त्याचं फारसं वाटलं नाही. नोव्हेंबर संपला की या धंद्यात सगळ्यांना नारळ मिळतो आणि वसंतात पुन्हा बोलावणं येतं. पाच भाग म्हणजे सहा आठवड्यांचं काम, लोकांना तेवढंच पुरे होतं. रंग भरणाऱ्या ओपलनं तर सुस्कारा सोडला. ओपल साठीची, बोटं कायम रंगानं माखलेली, नाकपुड्यांतून धूर सोडत बोलायची. जेवणाच्या सुट्टीत ती एमेटच्या टेबलाशी येऊन बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "कोण मेलं?"

त्यानं सांगितलं. सांगणार नव्हता, पण सांगितलं. ओपलनं सँडविच चावत ऐकून घेतलं.

"मुलीनं खोटं सांगितलं म्हणून तुझं असं तोंड झालंय? माझा मुलगा मला खरं सांगतो, ते एकदा ऐक म्हणजे कळेल."

"ती तीनचार आठवडे बघतच नाहीये, ओपल."

"मग? मीही बघत नाही. मी रंगवते त्यातलं मी आजवर काही बघितलेलं नाही."

"तिला काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. गाडी काढ आणि जा. एवढा मोठा रस्ता सरकारनं कशाला बांधलाय? फोनवर बूट बूट करत बसतोस. बघ जाऊन पोरगी किती वाढलीये."

"जाऊन बोलू काय?"

ओपलनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मान खाली घातली. तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तिला त्याची कीव येऊन देववलं नाही, असं त्याला वाटलं. मग भोंगा झाला आणि दोघं उठले.

पुढचे सहा शनिवार त्यानं फोन केला. तो विचारी, "पाहिलंस?" ती म्हणे, "हो." तो विचारी, "बूट?" ती म्हणे, "झाडामागे." एकदा तिनं आपल्या मनानं गोष्टसुद्धा सांगितली: जनरलची पळी हरवते आणि शाळेच्या स्वयंपाकीणबाईंच्या भांड्यात सापडते. ती गोष्ट जनरलच्या खऱ्या कुठल्याही गोष्टीहून बरी होती, आणि एमेट भिंतीला टेकून हसला, मनापासून हसला, आणि हसताना त्याच्या लक्षात आलं की ही पोर आठवडाभर बसून माझ्यासाठी कार्टून तयार करते. मी तिच्यासाठी करतो, ती माझ्यासाठी करते, आणि दोन्हीही कुणी बघत नाही. कितीदा त्याच्या ओठांवर आलं होतं, की रोंडा, पुरे. पण पुरे म्हटल्यावर पुढे काय म्हणायचं ते त्याला सुचत नसे. खोटं पकडलं तर पोरगी ओशाळेल. न पकडलं तर दर शनिवारी तिला नवं खोटं शोधावं लागेल. आणि सगळ्यांत वाईट हे होतं की दर शनिवारी पावणेबारा वाजले की त्या खोट्यासाठी त्याचा जीव आसुसलेला असे. तो खुर्ची फोनजवळ ओढी, दोनदा घसा खाकरी. लहानपणी नेब्रास्कात आजारी पडल्यावर आई खोलीचं दार बाहेरून ओढून घेई, आणि तिची पावलं दूर गेली की तो मोजत बसे, ती परत किती वेळानं येतील. तसाच तो आठवडा मोजी. फोन ठेवला की पुन्हा पहिल्यापासून.

तेरावा भाग रंगवायला घेतला तेव्हा त्यानं एक गोष्ट केली, जिची त्याला पुढे लाज वाटत राहिली. कथेत चोर रेताड माळावरून पळत होता. एरवी त्यानं सवयीनं एखादं वाळकं झाड टाकलंच असतं. या वेळी नाही टाकलं. सबंध पट्टीवर एकही झाड नाही, निवडुंगसुद्धा नाही. फक्त वाळू, आभाळ, आणि मधोमध, रस्त्यात, चांगला हाताएवढा पिवळा गमबूट. कुणीही येऊन ठेचकाळावं असा. मिल्टनं पट्टीवरून नजर फिरवून सही केली. त्याला बूट दिसलाच नाही. ती पट्टी कॅमेऱ्याकडे गेल्यावर एमेटला कळलं की आपण पोटच्या पोरीसाठी सापळा लावलाय. शनिवारी ती 'झाडामागे' म्हणणार, आणि आपण म्हणणार, झाड कुठे होतं? तो प्रसाधनगृहात जाऊन तोंडावर पाणी मारून आला. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी सगळ्यांना शेवटच्या पगाराची पाकिटं मिळाली. ओपल म्हणाली, "वसंतात भेटू. जा रे तिकडे." त्यानं मान हलवली. मान हलवणं त्याला चांगलं जमे.

आणि खरंच तो गेला. डिसेंबरातला पहिला शनिवार होता, तेरा भागांचा हिशेब धरला तर तेराव्याचा दिवस. यापुढे विचारायला काही उरणार नव्हतं. रोंडाला त्यानं सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की तेरा भाग आहेत म्हणून. सकाळी आठला त्यानं गाडी काढली. ठरलं काहीच नव्हतं. मनात एवढंच होतं की साडेदहाला तिच्या शेजारी जाऊन बसावं, टीव्ही लावावा, आणि अस्वलं घसरताना दोघांनी मिळून बघावी. मग आपोआप काय ते निघेल. घाट उतरल्यावर खालचं खोरं दिसेना. धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चालवावं लागत होतं. त्याला त्या धुक्यात बरं वाटलं. मागे काही नाही, पुढे काही नाही, रंगवायला काही नाही.

तिच्या घराला कुलूप होतं. शेजारचा म्हातारा मोटारीची काच पुसत होता. "ते होय? शनिवारी सकाळी नसतात," तो म्हणाला. "पोरीचा पोहण्याच्या शर्यतींचा सराव असतो ना. शाळेमागच्या तलावावर. सप्टेंबरपासून चाललंय. तुम्ही कोण?"

"मी लॉस एंजेलिसकडचा," एमेट म्हणाला. उत्तर खोटं नव्हतं.

तलाव उघड्यावर होता, पाणी गरम केलेलं, त्याच्यावर वाफ. एमेट तारेच्या कुंपणाला बोटं अडकवून बाहेर उभा राहिला. आत सगळ्या पोरींच्या डोक्यांना सारख्या टोप्या, पण त्यानं रोंडाला लगेच ओळखलं. खांद्यांवरून ओळखलं, ते मार्लिसचे खांदे होते. ती पाणी कापत जाई, भिंतीला पाय लावून उलटी फिरे, परत येई. डेल काठावर उकिडवा बसला होता, गळ्यात स्टॉपवॉच, आणि ती आली की काहीतरी बोलून बोटं दाखवी. ती हसे. तोंडात पाणी असताना ती अशी हसते, हे एमेटला माहीत नव्हतं. ती किती वेगानं पोहते हेही माहीत नव्हतं. गेल्या तीन महिन्यांत आठवड्याला अकरा मिनिटं ती बोलली होती, आणि या गोष्टीचा एक शब्द तिनं काढला नव्हता. सप्टेंबर. म्हणजे जनरलचा तिसरा शनिवार, पहिलं 'झाडामागे'. त्याला मत्सर वाटेल असं त्याला वाटलं होतं, तसा वाटलाही, पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी येऊन बसलं. ती सुंदर दिसत होती. तिला बघता बघता त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कुणी आपल्याकडे बघत तर नाही.

अकरा चाळीसला रोंडा भिंतीला टेकली, टोपी काढली आणि काठावरच्या मोठ्या घड्याळाकडे बघितलं. तिनं काहीतरी ओरडून सांगितलं. आणि मग एमेटच्या डोळ्यांदेखत त्या तिघांची धांदल उडाली. डेलनं तिला एका हातानं वर ओढलं. मार्लिसनं तिच्या अंगावर हिरवा टॉवेल टाकला, हातात चपला घेतल्या, पायात घालायलाही वेळ नाही. बाकीच्या पोरी अजून पाण्यात होत्या. शिकवणाऱ्या बाईंनी सवयीनं हात हलवून निरोप दिला. तिघंही पळत गाडीकडे निघाले. रोंडा अनवाणी, टाचा उचलत. "चला, चला," डेल म्हणत होता, "बाराला त्याचा फोन येईल."

एमेट कुंपणाशी क्षणभर तसाच उभा राहिला. दर शनिवारी हे असं होत होतं. तीन माणसं, त्यातला एक तर त्याचा कुणीच नव्हे, पोहणं अर्धं टाकून धावत होती, का, तर एमेट क्रेलला तिसऱ्या घंटेला फोन उचललेला मिळावा. मग तो दचकला. बारा वाजता फोन त्यालाच करायचा होता.

तिच्या घराच्या तिरपं समोर, रस्त्याच्या कोपऱ्यावर पेट्रोलपंप होता आणि पंपाच्या बाजूला फोनची काचेची खोली. तो आत शिरला तेव्हा बाराला दोन मिनिटं कमी होती. धुकं विरलं होतं. डेलची गाडी वळून घरासमोर थांबली, रोंडा उडी मारून उतरली, दार उघडलं. त्यानं नाणं टाकलं. समोरच्या मोठ्या खिडकीच्या आत ती येऊन उभी राहिली, टॉवेल खांद्यावर, केसांतून पाणी गळतंय, एक हात छातीवर ठेवून श्वास आवरतेय. एक घंटा. दोन. तिनं तिसरी होऊ दिली.

"हॅलो डॅडी."

"काय गं." एमेट म्हणाला. "आज शेवटचा होता."

"हो. पाहिला ना मी."

"आणि बूट?" हे तोंडातून गेलंच; जिभेला दुसरं वळण नव्हतं.

"झाडामागे," रोंडा म्हणाली. खिडकीत ती एका पायावर उभी राहून दुसरा पाय त्याच्यावर घासत होती, थंडीनं.

"रोंडा, ऐक. जनरल बंद झालाय. ऑक्टोबरातच बंद झाला."

ती घासायची थांबली. मग म्हणाली, "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"शाळेत मुलं म्हणत होती. पण मला वाटलं, तुला कुणी सांगितलं नसेल. तू दर वेळी म्हणायचास ना, आज हे रंगवलं, आज ते रंगवलं. मम्मीला विचारलं, तर ती म्हणाली, तो रंगवतोय तोवर सांगू नकोस." ती थांबली. "तू रागावलास?"

"नाही गं. नाही. मुळीच नाही." त्यानं कपाळ काचेला टेकवलं. सात आठवडे त्याच्या छातीवर असलेलं काहीतरी उतरत होतं, आणि ते उतरल्यावर खाली किती मोकळी जागा आहे ते त्याला दिसू लागलं. तिलाही दिसलं असावं.

"मग आता आपण काय बोलायचं?" रोंडानं विचारलं.

ती खोडसाळपणे विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तो मोठा होता, बाप होता, त्याला माहीत असणार असं तिला वाटत होतं. एमेट आठवू लागला. पाणी कापताना ती कशी दिसते ते सांगावं. हसते कशी ते सांगावं. पण ते सांगायचं तर तासभर कुंपणाबाहेर उभा होतो हे सांगावं लागेल, मग डेल बाहेर येईल, हात पुढे करील, आत या म्हणेल, मार्लिस चौथी थाळी मांडील, आणि मीठमिरीच्या बाटल्या असतील. खिडकीपर्यंत वीस पावलं असतील. त्यानं काचेचं दार आतून हातानं दाबून धरलं होतं, हे त्याला आत्ता कळलं.

"डॅडी? आज तुझा आवाज किती जवळून येतोय. खरखर नाहीच. तू कुठे आहेस?"

"घरी," एमेट म्हणाला. "कुठे असणार? घरीच."

"बरं."

ती काकडत होती. तिचे खांदे उडताना त्याला दिसत होते, आणि तो विचार न करता, पिस्मोला म्हटलं असतं तसं, म्हणून गेला, "तो हिरवा टॉवेल नुसता खांद्यावर घेऊन काय उभी राहिलीस? केस पूस आधी. सर्दी होईल."

खिडकीत रोंडानं खांद्यावरच्या टॉवेलकडे बघितलं. मग हळूहळू मान वर करून तिनं बाहेर बघितलं. अंगणाकडे, रस्त्याकडे, पंपाकडे. त्याची गाडी तिला ओळखीची होती. मग काचेच्या खोलीकडे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, दोघांच्याही कानाला फोन. एमेटनं हात वर करायला हवा होता. त्याचा हात दारावर होता, तो निघेना. तिच्या मागे मार्लिसची सावली हलली, काहीतरी विचारल्यासारखी, आणि रोंडानं मान न वळवता दुसऱ्या हातानं पडदा थोडा ओढून घेतला, आईला बाहेरचं दिसू नये इतकाच.

"हो, पुसते," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी, बाराला ना?"

"हो," एमेट म्हणाला, "बाराला."